काशिनाथरावांचा तुलनात्मक तक्ता

काशिनाथरावांनी पुण्यात एकतीस वर्षं बोर्डाच्या परीक्षांचे निकाल लावले. त्यामुळे कुणाची टक्केवारी काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सातासमुद्रापार पामर्स्टन नॉर्थला लेकीकडे, शुभाकडे, सहा महिन्यांसाठी आले, तरी खोड काही गेली नाही.

नात इरा इथल्या कॉलेजात, म्हणजे आपल्याकडच्या हायस्कुलात, मुलींच्या फुटबॉल संघात होती. यंदा आरोहा नावाची नवी कोच आली आणि संघ हरू लागला. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुस्कारे सुरू झाले. शुभाला नोकरीतून सवड नव्हती, म्हणून त्या ग्रुपवर काशिनाथरावच होते. त्यांनी शितावरून भाताची परीक्षा घ्यायचं ठरवलं. जुन्या आणि नव्या, दोन्ही कोचच्या काळात ज्या चार कॉलेजांशी सामने झाले, तेवढेच निवडून तक्ता आखला. तुलना कशी न्याय्य हवी! जुन्या कोचने चारही जिंकलेले. नवी चारही हरलेली, वर तेरा गोल खाल्लेले. खाली शेरा मारला, ‘भवितव्य आशादायक नाही.’ मैदानावर मात्र हे गृहस्थ एकदाही गेले नव्हते. तिथला वारा गुडघ्यांना सोसत नाही म्हणे. उंटावरून शेळ्या हाकायला गुडघे लागतात कुठे?

ग्रुपवर टाकलेल्या तक्त्याला सत्तावीस अंगठे मिळाले. दोघा पालकांनी तो प्रिन्सिपलना पाठवला आणि कोचला ठेवायचं की नाही, ते सोमवारी ठरणार अशी बातमी आली. काशिनाथराव मनातून फुलले. शनिवारी मफलर गुंडाळून स्वतःहून मैदानावर गेले. समोर त्या चारांपैकीच एक संघ होता.

मध्यंतरापर्यंत आपल्या मुली एक-शून्यने पुढे होत्या. मग गोलकीपर बदलली. हातमोजे चढवत जाळ्यापाशी आली ती इरा! बघता बघता तीन गोल झाले. दर गोलनंतर कोच ओरडत होती, “हेड अप, इरा! यू आर ऑलराइट!”

“हे नेहमीचंच का?” त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या दीप्तीला विचारलं. तिची मुलगी याच संघात होती.

“हो काका, सेकंड हाफला इराच असते. जी प्रॅक्टिसला येते ती खेळणार, असा आरोहाचा रूल आहे. लास्ट इयर इरा अख्खा सीझन बेंचवर बसून होती. तुम्हाला माहीत नाही?”

नव्हतं माहीत. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. तक्त्यातले बहुतेक गोल आपल्याच नातीने खाल्लेले, आणि ते आपणच गावभर वाटले! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

सामना संपल्यावर ते कोचपुढे जाऊन उभे राहिले. “तो तक्ता मी केला,” ते अडखळत इंग्रजीत म्हणाले.

“ठाऊक आहे,” कोच म्हणाली. “इराने सांगितलं. गुरुवारी येऊन म्हणाली, मला बेंचवर बसवा, नाहीतर तुमची नोकरी जाईल. मी ऐकलं नाही.”

काशिनाथरावांना तिच्याकडे वर बघवेना. तिथेच त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘एकही सामना न पाहता मी शेरा मारला. तो मागे घेतो. सोमवारी प्रिन्सिपलना स्वतः भेटेन.’ एकतीस वर्षांत त्यांनी एकही निकाल मागे घेतला नव्हता.

इरा हातमोजे काढत आली. तिने आजोबांच्या हातातला फोन पाहिला आणि मान खाली घातली.

“थ्री, आबा,” ती म्हणाली. “यू कॅन ॲड देम. दॅट मेक्स सिक्स्टीन.”