हाडांचं पाठांतर

लढाईची वर्षं होती. सांगलीच्या नर्सिंगच्या शाळेच्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर म्हसवडकडची एक विधवा होती. आम्ही सगळ्या तिला वैनी म्हणायचो. शरीरशास्त्राच्या परीक्षेसाठी हाडांची इंग्रजी नावं ती जात्यावर बसल्यासारखी, हात गोल फिरवत, ओवीच्या चालीवर म्हणायची. अडली की स्वतःचीच नडगी चाचपायची. "लय हाडं हायती बाई माणसात," असं म्हणून पुन्हा दळायला लागायची.

वर्गात टांगलेल्या सांगाड्याला मात्र ती कधी हात लावत नसे. मग एकदा शिकवणाऱ्या बाईंनी कमरेची रुंद हाडं दाखवून सांगितलं, की हा सांगाडा बाईचा आहे.

परीक्षेच्या सकाळी मी उजळणीसाठी लवकर वर्गात गेले. सांगाड्याच्या कमरेच्या हाडांत वैनीनं खण अंथरला होता आणि त्यात ती ओंजळीनं तांदूळ घालत होती. ती ओटी भरत होती.

"वैनी, हे काय करताय?"

तिनं वळूनही पाहिलं नाही.

"धनी गेल्यापासनं एका बी बाईनं मला वटी भरू दिली न्हाई," ती म्हणाली. "ही न्हाई म्हनली न्हाई."