सेंट थॉमस अजून अमेरिकेतच आहे का?

मजेत गेलेली ट्रिप लोक फोटो टाकून विसरतात. घाबरलेल्या माणसाचे किस्से मात्र साठत जातात, कारण त्याला स्वतःला काही आठवत नसतं आणि बाकीच्यांना सगळं आठवतं! इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला कोणाकडेही चहाला जमलो की कोणीतरी म्हणतंच, "ओंक्या, निखिलचं सेंट थॉमस सांग ना!" निखिल लगेच उठून किचनमध्ये जातो.

निखिल म्हणजे माझ्या ऑफिसमधला मित्र, मूळचा नागपूरचा. त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा एक्स्पायर झालेला. अमेरिकेत राहायला, नोकरी करायला चालतं, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला नवा स्टॅम्प लागतो, आणि इंडियात त्याची अपॉइंटमेंट मिळत नाही. म्हणजे नोकरी इथे, बायको सायली इथे, पाच वर्षांची रेवा इथे, आणि हा तिकडे! माझाही एक्स्पायर झाला होता, पण ग्रुपमधलं घाबरायचं डिपार्टमेंट निखिलकडे होतं.

म्हणून लाँग वीकेंडला आम्हा चौघांचं सेंट थॉमस ठरलं. कॅरिबियन बेट, शिडाच्या होड्यांचं जुनं बंदर, आणि तरी अमेरिकेतच! निखिलने एअरपोर्टच्या काउंटरवर खात्री करून घेतली, "मॅडम, सेंट थॉमस अमेरिकेत आहे ना?"

ती कीबोर्डवरून नजर न उचलता म्हणाली, "आज सकाळपर्यंत तरी होतं."

तो फ्लाइटभर पाणीसुद्धा प्यायला नाही.

*

तिथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. रेंटलच्या गाडीत बसल्याबसल्या निखिलला घाम फुटला.

"अमेरिकेत सगळे उजवीकडून चालवतात. इथे डावीकडून काहून चालवून राहिले बे? आपण बाहेर तर नाही ना आलो?"

मी म्हटलं, "अरे, नागपूरला तू डावीकडूनच चालवायचास ना?"

"नागपुरात बाजू कुठे असते बे!"

*

बंदरावर एक लालभडक किल्ला आहे. बेट आधी डेन्मार्कचं होतं, किल्ला त्यांनीच बांधला, मग अमेरिकेने बेट विकत घेतलं, असं गाईड सांगत होता.

निखिल माझ्या कानाशी आला. "विकत घेतलं ना? पक्कं?"

"लीजवर आहे असं ऐकलंय. रिन्यूअल पेंडिंग आहे."

व्हिसावाल्या माणसासमोर 'पेंडिंग' म्हणू नये. तो तोफेला धरून खाली बसला.

*

दुसऱ्या दिवशी सेलिंगला गेलो, तर निघायच्या आधीच शिडाची दोरी तुटली. धक्क्यावर थांबलो होतो, तेवढ्यात नागपूरहून निखिलच्या आईंचा व्हिडिओ कॉल. फोन रेवाने घेतला. रेवाच्या मराठीत पाण्यातली बोट आणि हाताचं बोट यांत काही फरक नाही.

"आजी, आमचं बोट तुटलं!"

"अगंबाई! कोणाचं गं?"

"सगळ्यांचं!"

"सगळ्यांचं?"

"हो ना! सगळ्यांचं एकच होतं!"

निखिलने झडप घालून फोन घेतला आणि पंजा दाखवला. आई रडत म्हणाल्या, "हा नको रे, तुटलेला दाखव!"

*

दोरी बदलली, निघालो. शेजारच्या बेटाच्या कडेने होडी चालली होती. मी सहज म्हटलं, "तो समोरचा डोंगर ब्रिटिश आहे."

खरंच होता. वाराही तिकडेच चालला होता. आणि निखिलचा फोन वाजला. मेसेज, 'वेलकम टू ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स!'

"गेलो! सायली, मी गेलो! रेवाला सांभाळ!"

आमच्यात निळ्या पासपोर्टची अमेरिकन एकटी रेवा, आणि तिला अजून बुटाची लेस बांधता येत नाही. तिने बाबाच्या पाठीवर थोपटलं. "इट्स ओके, बाबा. आय विल व्हिजिट."

निखिल धडपडत होडीच्या अमेरिकेकडच्या बाजूला जाऊन बसला. होडी कलली. कॅप्टन बाई ओरडली, "सर, दुसऱ्या बाजूला सरका!"

"नो मॅडम! दॅट साइड आय डोन्ट हॅव व्हिसा!"

तिने समजावलं, पलीकडच्या टॉवरचा सिग्नल इथे पकडतो, आपण अमेरिकेच्याच पाण्यात आहोत. मी पोट धरून हसलो.

मग माझा फोन वाजला. मी गुपचूप निखिलच्या शेजारी जाऊन बसलो.

*

आणि परतीचा एअरपोर्ट. त्या बेटावरून निघताना इमिग्रेशनचा ऑफिसर सगळ्यांची कागदपत्रं बघतो! हे आम्हाला लाइनमध्ये कळलं. निखिल पांढराफटक.

मी म्हटलं, "जास्त बोलू नकोस. काहीही विचारलं तरी 'येस सर'."

सायलीचा स्टॅम्प ताजा होता, ती आणि रेवा सुटल्या. मग मी. ऑफिसर माझा पासपोर्ट उलटसुलट करत होता, तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात मॉरिसव्हिलचं फर्निचर विकून टाकलं. मलाही सोडलं.

मग निखिल. ऑफिसरने कागद बघितले, परत दिले. "यू आर ऑल सेट."

"येस सर."

"यू कॅन गो."

"येस सर." पाय हलेनात.

"इज देअर अ प्रॉब्लेम?"

"येस सर!"

ऑफिसरने आतल्या खोलीकडे बोट केलं.

दार बंद झालं. आमच्या फ्लाइटचं बोर्डिंग सुरू झालं. रेवाने हळूच विचारलं, "इज बाबा कमिंग होम?" सायलीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घड्याळ रुतत होतं. बोर्डिंगची लाइन संपत आली, तरी दार उघडेना.

शेवटी उघडलं. निखिल बाहेर आला, हातात सगळे कागद, चेहऱ्यावर हसू. पण दार तपासणीच्या आधीच्या बाजूला, इमिग्रेशनच्या लाइनकडे उघडत होतं. तो शांतपणे लाइनच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

नंबर आला. ऑफिसरने मान वर केली. "यू अगेन?"

"येस सर!"