मिशी काढलेला आजोबा

भुईगावच्या सॅन्टनने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिशी काढली, ती नातीच्या गालासाठी. दहा महिन्यांच्या जीनाच्या गालावर लाल पुरळ उठलं होतं. सून ज्युली तिला डॉक्टरांना दाखवून आली आणि ओटीवर चपला काढता काढता म्हणाली, "गालाला काही घासू द्यायचं नाही." हे सांगताना तिची नजर आपल्या मिशीवर होती, असं सॅन्टनचं मत. ज्युलीचं म्हणणं, ती भिंतीवरचं घड्याळ बघत होती, आणि घासत होती ती झबल्याच्या गळ्याची लेस. पण हा खुलासा दोन दिवसांनी झाला. तोवर मिशी न्हाणीच्या पाण्याबरोबर वाडीतल्या केळींना पोचली होती.

मिशी जुनी होती. बाविसाव्या वर्षी सॅन्टन वालीवच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासायला लागला. चेहरा पोरसवदा, कामगार ऐकेनात, म्हणून त्याने ती राखली. पुढे पस्तीस वर्षं त्याने व्हॉल्व्ह फिरवून, ठोकून, डोळ्याशी धरून पाहिले आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' एवढंच बोलला. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. बाजारातली वांगी, नातेवाइकांचे जावई, फादरांचं प्रवचन, सगळं याच दोन खणांत पडे.

जीनाचाही स्वभाव तपासनिसाचा. अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून बारीक वस्तू उचलायची कला तिला नुकतीच साधली होती, आणि तिचा सगळा सराव तिने आजोबांच्या मिशीवर केला. जीभ बाहेर काढून, एकेक केस निवडून ती उपटत असे. सॅन्टनच्या डोळ्यांत पाणी येई आणि तो म्हणे, "पकड बघा पोरीची! पास!" टाळ्या वाजवायच्या त्याही तिने फक्त त्याच्या मांडीवर बसून. येत्या रविवारी चर्चचा सण होता, सगळं गणगोत जेवायला येणार होतं. तेव्हा त्या टाळ्या सर्वांसमोर करवून दाखवण्याचं त्याने जाहीर केलं होतं. खास करून पापडी गावच्या थोरल्या बहिणीला, रेजिनाला. रेजिना रोज सकाळी रिक्षाने येऊन जीनाला आंघोळ घाली, आणि पुरुषांना मूल धरता येत नाही हे रोज ऐकवून जाई. सध्या ती आठवडाभर पुण्याला लेकीकडे होती.

तर मिशी काढून, तोंड पुसून सॅन्टन पाळण्याशी गेला. "काय गं माझी राणी?"

आवाज ऐकून जीनाने दोन्ही हात वर केले. मग चेहरा पाहिला. हात तिथेच राहिले आणि अशी किंकाळी फुटली की समोरचा चंद्रहास बागेला पाणी घालायची नळी हातात घेऊनच धावला.

कॅथरिन स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. नवऱ्याचा वरचा ओठ ती पहिल्यांदाच बघत होती.

"कुणासारखे तरी दिसताय," ती म्हणाली. "आठवत नाही. पण मला बरं वाटत नाहीये."

ज्युलीने डॉक्टरांना फोन केला. "या वयात मुलांना चेहरे पक्के ओळखू येतात," तिने येऊन सांगितलं. "अनोळखी माणूस दिसला की रडतात. वाढ अगदी चांगली चाललीय म्हणाले."

"मी अनोळखी?"

"तुम्ही नाही हो पप्पा. तुमचं तोंड."

दुसऱ्या दिवशी त्याने पडद्यामागून हाक मारली. जीना खुदकन हसली, रांगत आली आणि पडदा धरून चक्क उभी राहिली. आधाराने उभं राहण्याची ही तिची पहिलीच वेळ. कुणी कौतुक करायच्या आत उतावळ्या सॅन्टनने पडदा सारला. जीना बुडावर आपटली आणि घर डोक्यावर घेतलं.

मग त्याने तोंडाला रुमाल बांधला. "बँक लुटायला निघालात तर येताना दूध आणा," कॅथरिन म्हणाली. रुमालवाला माणूस जीनाला काही वेळ चालला. पण झाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, हेही तिला अलीकडेच कळलं होतं. तिने रुमाल ओढला. खाली तेच तोंड होतं.

गुरुवारी त्याने चर्चच्या नाताळच्या नाटकातल्या राजाची मिशी मागून आणली आणि ओठावर चिकटवली. जीनाने ती दोन बोटांनी अलगद काढली, उलटसुलट पाहिली, चाखली आणि थुंकली.

"रिजेक्ट," कॅथरिन म्हणाली.

खुद्द कॅथरिनचंही काही धड नव्हतं. सॅन्टन स्वयंपाकघरात आला की ती घाईने ओटा पुसायला लागे, आणि कालवणात मीठ का जास्त पडलं याची कारणं न विचारता देई. नवऱ्याला असा मान तिने पूर्वी कधी दिला नव्हता. सॅन्टनला वाटलं, निदान एकीला तरी कदर आहे.

शुक्रवारी चंद्रहास शिडी परत द्यायला आला. माणूस साताऱ्याकडचा, मिशी टोकाला पीळ दिलेली. जीनाने त्याला पाहिलं आणि झेप घेतली.

"अरे वा! लेकरांना माणूस कळतो बरं का, सॅन्टनराव!"

"तिला मिशी कळते," सॅन्टन म्हणाला आणि शिडी उगाच जोरात भिंतीला टेकवली.

शनिवारी तो वस्तरा घेऊन चंद्रहासच्या दारात उभा राहिला. "उद्याच्या दिवसापुरती काढा. परत वाढते हो."

"वाढते ना? मग तुमची वाढेपर्यंत थांबा की!"

सॅन्टन वस्तरा मिटून घरी परतला.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून मंडळी ओटीवर जमली. जीना चंद्रहासच्या कडेवर बसून पीळ उलगडत होती. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि रेजिना उतरली, पुण्याहून थेट. तिने भावाकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"तोंडाचं काय केलंस हे?"

"माझं तोंड आहे," सॅन्टननेही कमरेवर हात ठेवले.

ओटीवरच्या सगळ्या माना दोघांकडे वळल्या. तेच नाक, तोच खालचा ओठ, हनुवटीवर तीच खळी. एकाने शर्ट घातला होता आणि एकीने साडी, एवढाच काय तो फरक.

"अरेच्चा," चंद्रहास म्हणाला, "जुळी आहेत होय?"

कॅथरिनच्या हातातला डाव खणकन पडला. "आठवलं! आठवडाभर मी नणदेसाठी ओटा पुसतेय!"

"माझं तोंड असं आहे?" रेजिनाने विचारलं.

ज्युली मात्र भलत्याच विचारात होती. रोज सकाळी हे तोंड दिसलं की जीनाच्या डोळ्यांत साबण जाई आणि नाक पिळलं जाई. आठवडाभर हेच तोंड वेळी-अवेळी पाळण्यावर वाकत होतं, तेही आजोबांच्या आवाजात.

चंद्रहासने जीनाला चटईवर ठेवलं. तिने एका तोंडाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, मग पुन्हा पहिल्याकडे.

"ये गं, नाक बघ कसं वाहतंय," रेजिना पदर सावरत वाकली. "आठवड्यात कुणी धड घासलेलं दिसत नाही हिला."

"राहू दे की," सॅन्टन चटईच्या टोकावर बसत म्हणाला. "सणाचा दिवस आहे."

आवाज कुठल्या तोंडातून आला, हे जीनाने नीट पाहून घेतलं. मग ती रांगत सुटली. चंद्रहासच्या पायांवरून, कुणाच्या तरी पर्सवरून ती सरळ सॅन्टनच्या मांडीवर चढली, त्याचा शर्ट मुठीत धरला आणि मागे वळून रेजिनाकडे पाहिलं. रेजिना एक पाऊल पुढे आली. मूठ आणखी घट्ट झाली. रेजिना मागे सरकली. तेव्हा कुठे जीनाने शर्ट सोडला आणि टाळ्या वाजवल्या.

"बघा! बघितलंत ना सगळ्यांनी?" सॅन्टन ओरडला.

"उद्यापासून मिशी वाढवायला घे," रेजिना म्हणाली. "आणि पानं वाढा आता. पोरीला इकडे दे, तू जेवून घे."

सॅन्टनने पोर दिलं नाही. पान चटईवरच मागवलं, जीनाला उजव्या हाताने कवेत घेतलं आणि सणाचं सगळं जेवण डाव्या हाताने, शर्टावर सांडत, सावकाश जेवला.