साडभाऊंचं बंदूक मंडळ

माझ्या साडभाऊंना येताना पाहून ज्याने घाईघाईने दार लोटून घेतलं नाही, असा माणूस भंडारा जिल्ह्यात सापडला तर तो एकतर परगावचा असेल नाहीतर झोपलेला असेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीभर त्यांनी गावोगाव विजेचे मीटर वाचले. कुणाचं मीटर दाराआड आणि कुणाचं न्हाणीजवळ, हे त्यांना अजून पाठ आहे. निवृत्त होऊन ते देणग्या मागू लागले, पण सवय काही सुटली नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी मीटरकडे बघणार, गंभीरपणे मान हलवणार, आणि घरधन्याचा चेहरा पुरता उतरला की मग पावतीपुस्तक काढणार. "बिलाचं नाही जी, बंदुकीचं आहे," असं ते वर म्हणत. त्याने कुणाला धीर आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलेलो असे. का, ते विचारू नका. रविवारी सकाळी दाराशी हॉर्न वाजला की बायको माझी टोपी माझ्या हातात आणून देते. यापलीकडे मला काही कळत नाही आणि आता कळून घेण्याची ताकदही राहिलेली नाही.

हे वेड मंडईत लागलं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, रात्रभर नाटक चालतं, दिवसा पाळणे आणि फुगे फोडायच्या बंदुकीचं दुकान. त्या दुकानापुढे कारध्याची एक शाळकरी पोरगी उभी राहिली आणि तिने फळीवरचे सगळे फुगे फोडले. फुगेवाल्याने पुन्हा लावले, तिने पुन्हा फोडले. शेवटी त्याने हात जोडले. "जाय वो बाई, माहा धंदा बसवतं का?" सगळे हसले. साडभाऊ हसले नाहीत. परतताना स्कूटर रस्त्यातच थांबवून म्हणाले, "भाऊ, जिले फुगेवाला भेते, तिच्या हाती खरी बंदूक पायजे." महिनाभरात मंडळ निघालं. त्याचा सचिव मी आहे, हे मला पावतीपुस्तक छापून आल्यावर कळलं. मोहाडीत एक रिकामं गोदाम मिळालं, नागपूरच्या ओळखीतून छर्‍यांची एअर रायफल उसनी आली, आणि पोरगी बसने सरावाला येऊ लागली. तिच्या मागोमाग आणखी काही मुली आल्या. खुद्द साडभाऊ मात्र बंदुकीला इतके भीत की पोरीने नेम धरला की ह्यांचे डोळे गच्च मिटायचे. आवाज झाला की मिटल्या डोळ्यांनीच विचारायचे, "फुटला का?" समोर कागदाचं लक्ष्य, फुगा कुठला? पण ती शहाणी पोरगी म्हणायची, "फुटला जी, आबाजी."

अशा माणसाने बंदुकीसाठी देणगी मागायची म्हणजे काय होतं, ते मी सानगडीत पाहिलं. एका शेतकऱ्याने आम्हाला खाटेवर बसवून चहा पाजला आणि विचारलं, "पोट्ट्या माहे डुकरं मारतीन का? रातभर धान तुडवून राहिले."

"नाही जी, ह्या छर्‍यानं डुक्कर नाही मरत."

"मंग कायले मारता?"

"कागद मारतो."

त्याने आपली बशी खाली ठेवली. "कागदानं का बिगडवलं जी तुमचं?" त्याने विचारलं. मलाही कितीतरी दिवसांपासून हेच विचारायचं होतं. पण मळणी चालू होती, आणि खळ्यावर आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही असा आमच्याकडचा रिवाज. त्याने हसत हसत धानाचं पोतं भरून दिलं. तिथून साडभाऊंना वाट सापडली. त्यांनी पैसे मागणं सोडलं आणि खळी गाठायला सुरुवात केली. हिवाळाभर आम्ही धान वाहिलं. माझी कंबर अजून त्याची आठवण काढते.

एका धर्मादाय संस्थेने कबूल केलं होतं, की गाव जेवढं जमवेल तेवढीच भर आम्ही घालू. त्यातून गोदामात छर्रे अडवायची पक्की व्यवस्था होणार होती आणि पोरीला स्वतःची रायफल मिळणार होती. हे सारं उन्हाळ्याआधी व्हायला हवं होतं, कारण कनिष्ठ गटात खेळायचं तिचं ते शेवटचं वर्ष होतं. धान विकलं की काम झालं असतं. पण साडभाऊ म्हणाले, भाव चढू दे. तोवर त्यांनी सगळी पोती गोदामात नीट रचली, ती नेमकी लक्ष्यांच्या मागे. "छर्‍याले आडोसा होते, अन् पोत्याले जागा," असं त्यांनी मला मोठ्या अभिमानाने समजावलं. ती रचायला हाताखाली मीच होतो, आणि पाठ इतकी दुखत होती की डोकं चालवायला मला सवड नव्हती.

संस्थेच्या बाई पाहणीला आल्या. त्यांनी एका पोत्याच्या भोकात बोट घातलं, तर धानाबरोबर छर्रे ओघळले.

"हे काय आहे?"

"देणग्या," साडभाऊ म्हणाले.

"तुम्ही देणग्यांवर गोळ्या झाडता?"

"बाई, मधात कागद आहे न."

बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. या धानात शिसं मिसळलंय, हे कुणाच्या पोटात जाता कामा नये, असं त्यांनी सांगितलं. त्या गेल्यावर एक व्यापारी आला. चाळून घेतो, कोणाले का समजते, म्हणाला. त्याला नुसतं हो म्हटलं की पोरीचं वर्ष वाचत होतं. साडभाऊंनी डोळे गच्च मिटले. "नाही जी," ते म्हणाले. "पोरीचा छर्रा कोणाच्या ताटात नाही निंगाले पायजे." पोरगी तिथेच होती. तिने रायफल पुसली, पेटीत ठेवली आणि विचारलं, "आबाजी, उद्या येऊ का?" साडभाऊ खाली सांडलेले छर्रे वेचू लागले. मीही वेचू लागलो. फार वाईट वाटलं.

मग आम्ही पुन्हा त्याच दारांत गेलो, तुमचं धान आम्ही नासवलं हे सांगायला. सानगडीचा शेतकरी पोट धरून हसला आणि म्हणाला, "खायाले नाही, पेराले त चालते." साडभाऊंनी सगळं धान चाळलं आणि पावसाळ्यात आपल्या शेताच्या बांध्यांत एकेक पोतं वेगळं पेरलं. पण प्रत्येक घरचं वाण वेगळं. कुठे लवकर पिकणारं हलकं धान, कुठे उशिरा पिकणारं भारी; एक गुडघ्याला, तर शेजारचं छातीला. दिवाळीला निम्मं शेत पिवळं आणि निम्मं हिरवंगार. रस्त्याने जाणारे सायकली थांबवून हसत, आणि मग बोट दाखवून म्हणत, "थे माहं हो." ज्याचं पिकलं, तो विळा घेऊन आला आणि कापून देऊन गेला. भारी धान अजून उभं आहे, पण यंदा गावाचा वाटा नक्की जमेल आणि संस्थेची भरही पडेल.

फक्त आता पोरगीच इथे नाही. खेळायचं वर्ष हुकलं तसं तिच्या बापाने तिला नागपूरला मावशीकडे धाडलं, पोलीसभरतीच्या तयारीला. रायफलही परत गेली, आणि बाकीच्या मुली यायच्या थांबल्या. परवा बांधावर बसून मी न राहवून विचारलं, "भाऊजी, आता हे सगळं कुणासाठी?"

त्यांनी त्या उंचसखल धानातली एक हिरवी लोंबी खुडून दाताखाली धरली. दूर मंडईचा भोंगा सुरू झाला होता. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि स्कूटरकडे निघाले.

"फुगेवाला आला असन, भाऊ," ते म्हणाले. "चाल, पाहू तरी, यंदा तो कोणाले हाकलते."