सहा राक्षसांचं केळवण

चौदा फुटी राक्षसाला एका वेळेला पाच भाकऱ्या लागतात. भाकरीचा व्यास दीड फूट. हे मी हवेत बोलत नाहीये. माझ्याकडे हिशेब आहे, आणि तो नौपाड्यातल्या पंचवीस माणसांनी स्वतःच्या पोटाने तपासलेला आहे.

मुळात दोष तन्वीचा. (पत्रकात दोषी आधी सांगायचा असतो, कारणं मागाहून.) दर रविवारी संध्याकाळी डोंबिवलीत आमच्या घरी आम्ही चौघं मित्र एक खेळ खेळतो. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं, फासे टाकून लढायचं. गोष्ट मी रचतो. माझ्या सहा राक्षसांनी एका किल्ल्याला तीन महिने वेढा घातलेला. तन्वीने फासे खाली ठेवले.

"तीन महिने खात काय होते ते? डोंगर तर तू उजाड सांगितलायस."

"राक्षस आहेत गं. खातात काहीतरी."

"काहीतरी? महापालिकेत जाऊन 'आकडे दाखवा' म्हणून ओरडतोस ना? मग दाखव की."

हे लागलं. मी पत्रकं काढणारा माणूस. फुटपाथ, नाले, कचरा, आमच्या गावात विषयांना तोटा नाही. त्या आठवड्यातलं ताजं पत्रक तर लग्नातल्या अन्नाच्या नासाडीवर होतं: 'ताटात टाकून उठणाऱ्यांनो, उत्तर द्या'. अशा माणसाच्या गोष्टीत सहा जण तीन महिने उपाशी? मी तडक आईकडे गेलो. आई पोळी-भाजी केंद्र चालवते. घराचा निम्मा भाग म्हणजे तिचं स्वयंपाकघरच.

"आई, दमलेला माणूस किती भाकऱ्या खातो?"

"तीन. दोन म्हणतात ते लाजून."

"आणि अडीचपट उंच असला तर?"

"नुसता लांब, की अंगानेही तसाच?" (हा प्रश्न खेळाच्या पुस्तकात कुणालाही सुचलेला नाही, याची नोंद घ्यावी.)

"अंगानेही. वजन पंधरापट."

"पंधरापट नाही खाणार तो. मोठं जनावर अंगाच्या मानाने कमीच खातं. म्हैस बघ आणि उंदीर बघ. आठपट धर."

मी गणित मांडून पाहिलं. आठपटच आलं. म्हणजे चोवीस भाकऱ्या. पण आईला चैन पडेना. "एवढ्याशा भाकऱ्या त्याला बोटात तरी धरता येतील का रे?" म्हणून दीड फूट व्यास आणि नग पाच. सहा जणांच्या तीस. "ज्वारीची तुटेल, तांदळाची उकड काढूनच करायची," तिने बजावलं. अठ्ठेचाळीस माणसांचं पिठलं, दोन किलो ठेचा, दहा किलो कांदे अख्खे. (राक्षस शाकाहारी ठरले. आईच्या ओट्यासमोर त्यांचं काही चाललं नसतं.)

हे सगळं मी एका कागदाच्या मागच्या बाजूला उतरवलं. कोरा कागद मी वापरत नाही, तत्त्व आहे. ओट्यावर एक दोरी आहे, तिला चिमट्यांनी ऑर्डरीच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. दोरीवर जे दिसेल ते शिजतं, असा आमच्या घरचा कायदा. त्यातलीच एक चिठ्ठी मी काढली, मागे लिहिलं, फोटो घेतला आणि परत लावली. माझी बाजू पुढे ठेवून.

ती चिठ्ठी मानसीच्या केळवणाची होती.

मानसी म्हणजे नौपाड्याच्या आत्याची मुलगी. रविवारी दुपारी होणाऱ्या नवऱ्याकडची मंडळी जेवायला यायची होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत्याने आईला सांगितलेलं, "स्वयंपाक तुझा, वहिनी." एरवी आईच्या हातचं जेवून आत्याचा शेरा ठरलेला: "डब्यापुरतं छान आहे." तो एक शेरा बदलावा म्हणून आईने चार दिवस खपून श्रीखंड केलं, अळूवड्या केल्या आणि ते घेऊन ती शनिवारीच नौपाड्याला गेली. मसालेभात, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी तेवढी रविवारी गरमागरम टेम्पोतून यायची होती. ती जबाबदारी बाबांवर आणि आईच्या हाताखालच्या कुसुममावशींवर. "चिठ्ठी बघून करा," एवढंच आई सांगून गेली.

बाबा एमआयडीसीतल्या कारखान्यात तपासनीस होते. ड्रॉइंगवर जे आहे ते आहे. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात मशीनच्या खडखडाटात उभा होतो.

"केदार, व्यास दीड फूट बरोबर आहे ना?"

मला भरून आलं. आठवडाभर माझ्या राक्षसांना हसणारा हा माणूस अखेर हिशेबात रस घेत होता. "बरोबर आहे, बाबा."

"आईने बघितलंय?"

"आईनेच काढलेत आकडे."

"ही कुसुम म्हणते, मसालेभात करायचा."

"मसालेभाताने काय होणार त्यांचं? कागदावर आहे तेच. आणि बाबा, ऐन वेळी मापं कमी करू नका. सगळीकडे हेच चाललंय, म्हणून तर ही अवस्था आहे."

"ठीक," बाबा म्हणाले आणि कोपऱ्यावरच्या डोसेवाल्याकडून त्याचा मोठा तवा घेऊन आले.

दुपारी मी तन्वीच्या स्कूटरवरून, पाचशे पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन, नौपाड्याला पोचलो. (केळवणातच वाटणार होतो. सुरुवात घरापासून करावी.) फाटकाशी टेम्पो उभा होता आणि बाबा चादरीत बांधलेली चळत उतरवत होते. खिशात स्टीलची पट्टी. मी लांबूनच ओळखलं. आपले आकडे माणूस कुठेही ओळखतो.

"दोन बाद केल्या," बाबा म्हणाले. "सतरा इंच भरल्या. परत करून घेतल्या."

तन्वी भाकऱ्यांकडे बघून म्हणाली, "वेढा इथे हलवलास होय?"

वर दिवाणखान्यात चादर सुटली. आत्याने भाकरी बघितली, मग आईकडे बघितलं.

"वहिनी, हे काय आहे?"

आईने भाकरी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला, पण आवाज नाही उतरला. "आपल्याकडे केळवणाला मोठी भाकरी करतात ना, ती."

"आपल्याकडे? अगं, मी त्याच घरात वाढले. मला नाही कधी दिसली ती."

मी पिठल्याचं पातेलं धरून उभा होतो. ते सोडून पळताही येईना.

तेवढ्यात नवऱ्यामुलाची आजी उठली. त्या लोकांची पूर्वी मिठागरं होती. तिने भाकरीची कड मोडली, चावली. "उकड काढलीय," ती सुनेला म्हणाली. "आमचे मिठागराव अशीच भाकर व्हती." आणि तिने एक भाकरी मधोमध ठेवून चौघांना तिच्याभोवती बसवलं. मग बाकीच्यांनाही तसंच बसावं लागलं. नवरामुलगा दहा मिनिटं कांदा फोडायला जागा शोधत होता. शेवटी मानसीने बुक्कीने फोडून दिला. अळूवड्या संपल्या, श्रीखंड संपलं, भाकऱ्या मात्र अकरा उरल्या.

आत्या हात धुऊन आली. "चव छान होती, वहिनी," ती म्हणाली. मी पुढच्या शब्दाची वाट बघितली. 'डब्यापुरती' आलं नाही. येणार कसं? एवढा डबा कुठे असतो?

उरलेल्या भाकऱ्या पाहुण्यांबरोबर द्यायच्या ठरल्या, पण बांधायला घरात कागद पुरेना. आई माझ्याजवळ आली. दिवसभरात पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"त्या पत्रकांची मागची बाजू कोरी आहे ना?"

"आई, ती नासाडीवर आहेत. मोहीम आहे ती."

"मग तर बरंच झालं. कोरी बाजू आत घे आणि बांधायला लाग."

मी बसून चव्वेचाळीस चतकोर बांधले, एकेकाला अकरा-बारा पत्रकं, वर ठेच्याची पुडी. एरवी माझं पत्रक घेतलेला माणूस दहा पावलांवर ते टाकून देतो. त्या दिवशी पाचशेच्या पाचशे पत्रकं लोकांनी दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी नेली.