काळा प्लग, पांढरा प्लग

सोसायटीत गवत कापायचं मशीन सुरू झालं की ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा धूर घरात येतो आणि मला माहुलची ती दुपार आठवते. दुसऱ्या दिवशी दादाची पहिली रेस होती. त्याची जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइक घेऊन आम्ही तेलाच्या टाक्यांमागच्या सुनसान रस्त्यावर, खाडीच्या चिखलाच्या वासात, स्पार्क प्लगचा रंग बघायला गेलो होतो. प्लग बिस्किटासारखा तपकिरी निघाला तर इंजिनला पेट्रोल बरोबर मिळतंय, काळा निघाला तर जास्त आणि पांढरा तर कमी, म्हणजे इंजिन तापून जाम व्हायचा धोका. दादा गाडी सुसाट पिटाळायचा, पण मग वळून हळूहळू माझ्यापाशी यायचा आणि प्लग काढायचा. तो काळाच निघायचा. मी वैतागून म्हटलं, “अरे, हळू आलास की काळा होणारच ना! वेगात असतानाच इंजिन बंद कर, तिकडेच प्लग काढ.” “तू गप गं, गाडी माझी आहे ना?” म्हणत त्याने कार्बोरेटरमध्ये पेट्रोल कमी सोडणारा बारीक जेट लावला, मग त्याहून बारीक. सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. शेवटच्या फेरीत रस्त्याच्या पार टोकाला किंचाळल्यासारखा आवाज झाला, मागचं चाक घासत गेलं आणि गाडी थांबली. मी धावत गेले. पिस्टन जाम झाला होता, किक हलेना. रेस गेली. दादाने तिथेच प्लग काढला, तो खडूसारखा पांढरा होता. दादा म्हणाला, “वाट लागली यार.” आता तो हा किस्सा पाहुण्यांना हसत सांगतो, आणि त्यात मी काही बोलले होते याचा उल्लेखही नसतो.