एकच संगणक, दोन गावांत

पोलिसांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले चेहरे आता पुसट होत चाललेत. तुमसर ठाण्यात असताना टेबलावर आलेला एक साधा तक्रार अर्ज मात्र डोक्यातून जात नाही. त्यात रक्त नव्हते, हत्यार नव्हते. एका बाईला आपल्या घरी जायचे होते, एवढीच गोष्ट.

अर्ज एका सरकारी कार्यालयाच्या प्रमुखाचा होता. त्यांचे काही संगणक खेड्यांतल्या शाखांत होते, सगळे एकाच नेटवर्कवर. बरेचसे विंडोज प्रणालीचे, दोन लिनक्सचे. कुठे कोणता संगणक चालू आहे, हे मुख्य कार्यालयातला एक प्रोग्राम आपोआप मोजायचा. त्या मोजणीत विंडोजचे बरोबर भरत, लिनक्सचा एक कमी पडे. नाकाडोंगरी आणि बपेरा या दोन शाखांत मिळून एकच यंत्र दिसे. सकाळी इथे, दुपारी तिथे.

प्रमुखांनी निष्कर्ष काढला : सामान सांभाळणाऱ्या भांडारपाल बाईंनी एक विकला आणि उरलेला दोन्हीकडे फिरवतात. ऐकायला हास्यास्पद वाटेल. पण तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावातून बाके, खाटा, पंखे आणून मांडायची रीत आमच्याकडे जुनी आहे. साहेबांची गाडी वळली की सामानही परत. प्रमुखांनी दोन्ही शाखांत यंत्र डोळ्यांनी पाहिले होते, पण आगाऊ कळवून. यंत्रे स्थानिक जुळणीची, अंगावर कंपनीचा क्रमांक नाही. त्यामुळे आरोप सगळ्यांना पटला.

बाईंना जबाबासाठी बोलावले. मूळच्या पवनीच्या, विणकर घरातल्या. वडील गेलेले, आई एकटी, डोळ्यांनी अधू. कित्येक वर्षे अर्ज केल्यावर पवनीची बदली मिळाली होती आणि या चौकशीने ती अडली होती.

"एक संगणक फिरवता म्हणे तुम्ही?" मी विचारले.

"कायले फिरवू साहेब? बसमध्ये मलेच जागा भेटत नाही."

हवालदार हसला. त्या हसल्या नाहीत. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा म्हातारा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू आला : "कधी येतेस वो? तुयी खाट टाकून ठेवली मी."

"येतो माय. थोडं काम रायलं." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "विचारा साहेब, काय विचारता ते."

गुन्हा दाखल करा म्हणून प्रमुखांचा रोज तगादा. मी केला नाही. संशय हा पुरावा नव्हे, मग तो माणसाने घेतलेला असो की यंत्राने. न कळवता हवालदाराला घेऊन नाकाडोंगरी गाठली. दोन पंच घेतले, संगणकाची खोली उघडायला लावली.

यंत्र कोपऱ्यात भिंतीला टेकून होते. मी मागे वाकून पाहिले. डब्याची मागची कड आणि भिंत यांच्यामध्ये कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले. वाळून खडखडीत, कुठे चीर नाही. डबा बोटभर जरी हलवला असता, तरी ते फुटले असते.

हवालदार म्हणाला, "साहेब, हे चोरायचं तर आधी माशीले नोटीस द्यावी लागन."

पंचनाम्यात ते घर जसेच्या तसे लिहून घेतले. मग हवालदाराला बपेऱ्याला पाठवले. तो पोचल्यावर दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू करायला लावली आणि मुख्य कार्यालयातल्या तंत्रज्ञाला फोनवर धरून ठेवले. माझ्यासमोर एक यंत्र चालू, हवालदारासमोर दुसरे.

"काय दिसतं?"

"एकच, साहेब. नाकाडोंगरी... आता बपेरा. परत तुमच्याकडं आलं. असं कसं होऊन राहिलं?"

"ते तू सांग. यंत्रं तयार कोणी केली?"

"मीच. एकावर सगळं बसवलं, मग त्याचीच नक्कल दुसऱ्यात उतरवली. वेळ वाचते जी." मग त्यालाच उमगले. "साहेब, प्रोग्राम ज्या खुणेवरून यंत्र ओळखते, तीही नक्कल झाली असन."

तसेच झाले होते. विंडोजचे संगणक एकेक करून तयार झाले होते, म्हणून प्रत्येकाची ओळख वेगळी. दोन्ही लिनक्सवाले एकाच ओळखीने बोलत होते. जो शेवटी बोलला, तोच खरा मानला जाई. तंत्रज्ञाने प्रत्येकाला नवी ओळख दिली आणि मोजणी जुळली.

एका माणसाला चोर ठरवायला पडद्यावरची एक ओळ पुरली. ती खोडायला मात्र पोलीस, पंच, जबाब, पंचनामा, सगळे लागले. हे मी प्रमुखांना तोंडावर सांगितले. 'चोरी घडलीच नाही' असा अहवाल दिला आणि विचारले, "आता बाई पवनीला कधी जाणार?"

"ती जागा भरली साहेब. चौकशी चालू असताना रिकामी कशी ठेवणार? सध्या त्यांना बपेऱ्याची शाखा देतो."

मी वरिष्ठांना लिहिले, त्यांच्या खात्याला लिहिले. उत्तर आले : नेमणूक नियमानुसार.

निवृत्तीआधी एकदा राज्याच्या सीमेवरच्या बंदोबस्तासाठी बपेऱ्याला गेलो. बाई तिथेच होत्या. चहा पाजला, तक्रार केली नाही. निघताना नदीच्या पुलापर्यंत आल्या.

"हे पाणी पवनीच्या घाटावर जाते साहेब," म्हणाल्या. "माय तिथं बसत असन संध्याकाळी."

आता मी घरी बसलो आहे आणि त्या पवनीला कधी गेल्या, गेल्या की नाही, मला ठाऊक नाही. आम्हाला वाटायचे, निर्दोष ठरवले की काम संपले. या प्रकरणाने शिकवले की खोट्या संशयाने माणसाचे काय गेले, ते शोधणे हाही तपासच आहे, आणि तो कोणीच करत नाही. चोरीचा मुद्देमाल परत करताना आम्ही मालकाची सही घेतो. त्या पुलावर बाईंची सही घेऊन परत द्यावे असे माझ्या हातात काहीच नव्हते.